पाण्याऐवजी स्लॅब: रेडिओथेरपीचं सॉलिड फँटम पारखून घेताना

पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं तर कुणाला नवल वाटत नाही. पण लिनॅकचा, म्हणजे कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या यंत्राचा, वार्षिक क्यूए (गुणवत्ता तपासणी) नेमका गुरुवारी धरला आणि बुधवारी रात्री वॉटर टँक (शरीराच्या जागी ठेवून डोस मोजायचं पाण्याचं फँटम) भरून ठेवायचं राहून गेलं, की बंकरमध्ये, म्हणजे यंत्राच्या खोलीत, सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, स्लॅब आहेत की! त्यावरच आउटपुट काढून टाकू. वॉटर इक्विव्हॅलंटच आहेत ना?"

स्लॅब म्हणजे पाण्याच्या जागी रचायच्या प्लास्टिकच्या जाड पाट्या, आणि आउटपुट म्हणजे यंत्र देत असलेला डोस. वरचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावरचा माझा प्रश्नही आता ठरून गेलाय: इक्विव्हॅलंट कशासाठी? कुठल्या बीमला, किती खोलीवर, कुठल्या चेंबरबरोबर, म्हणजे डोस मोजणाऱ्या हवेच्या छोट्या कुपीबरोबर? डब्यावरचं लेबल याचं उत्तर देत नाही. ते आपल्याच बंकरमध्ये, आपल्याच हातांनी, स्लॅब पाण्याशी ताडून मिळवावं लागतं. दोन-तीन संध्याकाळचं काम आहे आणि त्यातून हाती येतो एक आकडा. तो आकडा कसा काढायचा ते पुढे सांगतोय. नव्याने रुजू झालेले फिजिसिस्ट आणि इंटर्नशिप करणारी मुलं डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे जुन्या जाणत्यांनी मधले परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

आधी एक गोष्ट निकालात काढू. मशीनचं मूळ कॅलिब्रेशन, म्हणजे एका एमयूला (मॉनिटर युनिट, यंत्राचं मात्रा मोजण्याचं एकक) किती डोस हे ठरवणं, ते पाण्यातच करायचं. आयएईएचा (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा) टीआरएस-३९८ हा डोस मोजण्याचा संकेत २००० साली आला आणि २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मेगाव्होल्टेज फोटॉनसाठी तो पाणीच मागतो. अमेरिकन फिजिसिस्टांच्या संघटनेचा १९९९ चा टीजी-५१ सुद्धा तेच सांगतो. त्याआधीच्या, १९८३ च्या टीजी-२१ मध्ये पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक चालत असे, त्यामुळे काही जुन्या फायलींमध्ये स्लॅबवरचं कॅलिब्रेशन सापडतं. ते बघून आज कुणी तसं करू नये. आपल्या चेंबरचं प्रमाणपत्रही पाण्यातल्या डोसचंच असतं. स्लॅबचा खरा उपयोग रोजच्या आणि महिन्याच्या तपासण्यांना, पेशंटचा प्लॅन पडताळायला आणि कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनना. तिथे ते खरोखर सोन्यासारखे आहेत: टँक भरा, समतल करा, पाणी निवू द्या, या सगळ्यात जाणारे दोन तास वाचतात.

पाण्यासारखं म्हणजे नक्की काय

लिनॅकच्या ऊर्जेला फोटॉन आणि पदार्थ यांची गाठ मुख्यतः कॉम्प्टन विकिरणातून, म्हणजे फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतो त्यातून, पडते, आणि कॉम्प्टनला फक्त इलेक्ट्रॉन मोजता येतात. एका घन सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती, यावर बहुतेक सगळं ठरतं.

इथे हायड्रोजन गंमत करतो. त्याच्या एक एकक वस्तुमानामागे एक इलेक्ट्रॉन. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्याकडे साधारण अर्धाच. पाण्यात वजनाने ११.१९ टक्के हायड्रोजन आहे. ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे पीएमएमएमध्ये, ८.०५ टक्के, पॉलिस्टायरीनमध्ये ७.७४ टक्के, आणि इपॉक्सीच्या सॉलिड वॉटरमध्ये ८.१ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ही सगळी प्लास्टिकं ग्रॅममागे पाण्यापेक्षा जवळपास तीन टक्के इलेक्ट्रॉन कमी देतात. ही तूट भरून काढायला उत्पादक घनता मुद्दाम वाढवतात. सॉलिड वॉटरची घनता १.०३ किंवा १.०४ का असते, हा दर वर्षी विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इतकंच. १.०३ ला ०.५३९४ ने (अणुक्रमांक भागिले अणुभार, म्हणजे ग्रॅममागच्या इलेक्ट्रॉनचं माप) गुणून पाण्याच्या ०.५५५१ ने भागा: १.००१. घनता तीन टक्के जास्त, पण इलेक्ट्रॉन पाण्याइतके. उलट घनता बरोब्बर १.०० असलेलं प्लास्टिक कुणी आणून दिलं, तर ते पाण्यासारखं नाही हे वजनकाट्यावर ठेवायच्या आधीच समजावं.

हाच हिशेब ॲक्रिलिकला लावला की घनता १.१९ धरून १.१५६ येतं. दहा सेंटिमीटर ॲक्रिलिक म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरहून थोडं जास्तच पाणी. स्वच्छ पॉलिस्टायरीन १.०५ ला १.०१७ देतं.

ऊर्जा खाली गेली की दुसरा खेळ सुरू होतो. फोटोइलेक्ट्रिक परिणाम, ज्यात अणू फोटॉन पूर्ण गिळतो, अणुक्रमांकाच्या जवळपास घनाने वाढतो, आणि पाण्याचा परिणामी अणुक्रमांक ७.४ असताना ॲक्रिलिकचा ६.५ आणि पॉलिस्टायरीनचा ५.७ च्या आसपास भरतो. म्हणून सॉलिड वॉटरमध्ये थोडं कॅल्शियम घालतात आणि आरडब्ल्यू३ या पांढऱ्या पॉलिस्टायरीनमध्ये सुमारे दोन टक्के टायटॅनियम डायऑक्साइड. स्वयंपाकात मीठ घालण्यासारखंच हे: एका ऊर्जेला चव जमली म्हणून दुसरीला जमेलच असं नाही. आयोडीन-१२५ या किरणोत्सारी स्रोताचे फोटॉन जेमतेम २८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. तिथे सहा एमव्हीला (मेगाव्होल्ट, लिनॅकच्या फोटॉन बीमच्या ऊर्जेचं माप) उत्तम ठरलेला स्लॅब काही टक्क्यांनी चुकू शकतो. पंधरा एमव्हीला पुन्हा पेअर प्रॉडक्शनमुळे (फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनल्यामुळे) अणुक्रमांक थोडासा डोकं वर काढतो. "कशासाठी" हा माझा प्रश्न इथून येतो.

वजनकाटा आणि व्हर्निअर

पहिली पायरी बीमशिवायची. प्रत्येक स्लॅबला नंबर द्या: कडेला, पुसला न जाणाऱ्या पेनने, आणि वरची बाजू कुठली याची खूणही करा. मग प्रत्येक स्लॅब एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. काटा किचनचा असला तरी हरकत नाही, फक्त माहीत असलेलं वजन ठेवून आधी तपासून घ्या.

इथे एक युक्ती आहे. लोक जाडी मोजतात, आकारमान काढतात, घनता काढतात आणि मग ती घनता जाडीने गुणतात. दहा मिलिमीटरच्या स्लॅबची जाडी ०.१ मिलिमीटरने चुकली तर घनता एक टक्क्याने चुकते. आपल्याला हवं असतं ते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, आणि ते वजनाला क्षेत्रफळाने भागून थेट मिळतं. ३० बाय ३० चा स्लॅब म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. वजन ९३० ग्रॅम भरलं तर १.०३३ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. जाडी मध्ये आलीच नाही. लांबी-रुंदीतली अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे नगण्य ठरते.

जाडी तरीही मोजा, कारण चेंबरचं अंतर तिच्यावर ठरतं. चारही कोपरे आणि मध्य, मायक्रोमीटरने. चांगल्या उत्पादकाचे स्लॅब ०.१ मिलिमीटरच्या आत बसतात. बाजारातलं ॲक्रिलिक बसत नाही, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. टिंबर मार्केटमधून "दहा एमएम" म्हणून आणलेल्या शीट भोसरीत कापून घेतल्या, कडा सुंदर पॉलिश करून मिळाल्या, आणि मायक्रोमीटर लावला तर एक ९.६, दुसरी ९.८, तिसरी एका टोकाला ९.५ आणि दुसऱ्या टोकाला ९.९. दहा शीट एकावर एक ठेवल्यावर शंभरऐवजी ९७ मिलिमीटर. विकणाऱ्याने फसवलं असं मुळीच नाही. साच्यात ओतलेल्या ॲक्रिलिकला जाडीत दहा टक्क्यांपर्यंत सूट धरलेलीच असते. दुकानाची पाटी करायला ती चालते. आपण ती सूट गृहीत न धरता "दहा सेंटिमीटर" लिहिलं, तर तीन मिलिमीटरची चूक सहा एमव्हीला डोसमध्ये साधारण १.४ टक्क्यांचा फरक पाडते. त्या शीट अजून आहेत माझ्याकडे. प्रत्येकीवर खरी जाडी लिहिलेली, आणि कामाला उत्तम.

मग स्लॅब एकावर एक रचून गॅरेजमध्ये असतं तसं फीलर गेज कडेच्या फटीत सरकवून बघा. ०.२ मिलिमीटरची पट्टी सहज आत गेली तर एखादा स्लॅब वाकलेला आहे. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले स्लॅब हमखास वाकतात.

हल्ली इंजिनीअरिंगची मुलं थ्री-डी प्रिंट केलेले तुकडे घेऊन येतात. उत्साह चांगला आहे. पण पीएलएची मूळ घनता १.२४, आणि इनफिल (आतला भराव) शंभर टक्के ठेवलं तरी थरांमध्ये हवा राहते. वजन आणि क्षेत्रफळाची वरची युक्ती त्यांनाही लावा; सांगितलेली घनता आणि भरलेली घनता यातला फरक बघून मुलंच गप्प होतात.

सीटी काय सांगतो आणि काय लपवतो

सिम्युलेटरवर, म्हणजे उपचाराआधी पेशंट स्कॅन करायच्या सीटीवर, सगळी रास ठेवून एक मिलिमीटरच्या स्लाइसने स्कॅन करा. बघायचं ते तीन ठिकाणी: आत हवेचे बुडबुडे आहेत का, एका स्लॅबच्या मध्याचा आणि कडेचा एचयू (सीटीचा आकडा, पाण्याला शून्य) जुळतो का, आणि स्लॅब-स्लॅबमध्ये फरक किती. इपॉक्सीचा माल ओतून घडवतात, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षी घेतलेले स्लॅब एकाच डब्यात असतील तर जास्तच बारकाईने बघा.

पण सीटीचा आकडा बघून "पाण्यासारखा" असा निवाडा देऊ नका. सीटी १२० केव्हीवर चालतो, म्हणजे तिथे अणुक्रमांकाची लुडबुड आहे. पॉलिस्टायरीनचा एचयू उणे ३५ च्या आसपास येतो. सीटीला तो पाण्यापेक्षा हलका वाटतो, लिनॅकच्या बीमला मात्र तो पाण्यापेक्षा दीड-दोन टक्के जड असतो. ॲक्रिलिकचा एचयू १२० च्या आसपास.

याचा फटका पेशंटच्या प्लॅन पडताळणीत बसतो. आपण रास स्कॅन करतो, प्लॅनिंग सिस्टिम एचयूवरून इलेक्ट्रॉन घनता ठरवते, आणि स्वच्छ पॉलिस्टायरीनला ती ०.९७ च्या जवळ मानते. खरं मूल्य १.०२. दहा सेंटिमीटरमागे पाच मिलिमीटर पाण्याचा फरक, म्हणजे सहा एमव्हीला साधारण दोन टक्के. मग मोजलेलं आणि गणित केलेलं जुळत नाही म्हणून एमएलसीला, म्हणजे बीमला आकार देणाऱ्या पात्यांना, दोष दिला जातो. उपाय अगदी सोपा आहे: प्लॅनिंग सिस्टिममध्ये स्लॅबच्या आकाराला घनता हाताने नेमून द्या, आणि ती वजनकाट्यावरून काढलेली द्या.

बंकरमध्ये: पाणी, स्लॅब, परत पाणी

आता मुख्य काम. एकच चेंबर, एकच इलेक्ट्रोमीटर (चेंबरमधला चार्ज मोजणारा), एकच केबल, एकच माणूस. ०.६ सीसीचा फार्मर प्रकारचा चेंबर घ्या. पाण्याचं छोटं फँटम, ३० सेंटिमीटरचा घन, पुरेसं आहे. भरलं की सत्तावीस किलो पाणी होतं, म्हणून काउचवर (पेशंटला झोपवायच्या टेबलावर) ठेवून मगच भरा. स्लॅबच्या राशीत चेंबरखाली निदान दहा सेंटिमीटर राहू द्या. बॅकस्कॅटरसाठी (खालून परत उलटणाऱ्या किरणांसाठी) पाचही चालतात, पण दहा ठेवले की काउचचा विचार करावा लागत नाही.

मांडणी अशी: गॅन्ट्री (यंत्राचा फिरणारा भाग) शून्यावर, फील्ड दहा बाय दहा, चेंबरचा अक्ष आयसोसेंटरवर (स्रोतापासून शंभर सेंटिमीटरवर), त्याच्या वर दहा सेंटिमीटर. पृष्ठभाग शंभरावर न ठेवता चेंबर शंभरावर ठेवायला सांगतोय, त्याला कारण आहे. असं केलं की वरची जाडी थोडी बदलली तरी स्रोतापासूनचं अंतर बदलत नाही, आणि समोर येणारा फरक निव्वळ पदार्थाचा असतो. सहा एमव्हीला या मांडणीत एक सेंटिमीटर खोलीला साधारण चार टक्के डोस घटतो, म्हणजे मिलिमीटरला ०.४ टक्के. हा आकडा पाठ असू द्या.

चेंबरच्या भोकाचा स्लॅब बहुतेक वीस मिलिमीटरचा असतो आणि भोक त्याच्या मध्यात. म्हणजे दहा मिलिमीटर त्यातच आले. वर नव्वदच ठेवायचे. नवीन माणूस इथे शंभर ठेवतो आणि चार टक्के कमी आले म्हणून मशीनकडे बघतो. दर वर्षी एक तरी.

ॲक्रिलिक पारखत असाल तर मोजपट्टीचे दहा सेंटिमीटर ठेवू नका, शंभराला १.१५६ ने भागून येणारे साडेशहाऐंशी मिलिमीटर ठेवा.

चेंबरला आधी पाचशे एमयू देऊन जागं करा. मग दोनशे एमयूची किमान तीन वाचनं पाण्यात, लगेच तीन स्लॅबमध्ये, आणि पुन्हा तीन पाण्यात. शेवटचं पाणी कंटाळवाणं वाटतं, पण दरम्यान मशीनचं आउटपुट सरकलं की नाही हे तेवढ्यानेच कळतं. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत ०.२ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या संध्याकाळचं काम बाद धरा.

तापमान, आणि पुण्याची हवा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

चेंबर हवेला उघडा असतो. आत हवेचे रेणू जितके, तितका चार्ज. संदर्भ आहे २० अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, त्यामुळे बंकरमधला बॅरोमीटर ९४७ च्या आगेमागे दाखवतो. २४ अंशांना दुरुस्तीचा गुणक येतो १.०८५. मुंबईहून बदली होऊन आलेल्या फिजिसिस्टला हा गुणक पहिल्यांदा बघितल्यावर आपलं काहीतरी चुकलं असंच वाटतं. चुकलेलं नसतं.

चुकतं ते दुसरीकडे. बॅरोमीटर बंद पडला म्हणून कुणी मोबाइलवर हवामान उघडतं आणि तिथला १०१० चा दाब टाकतं. पुण्यातल्या शिमला ऑफिसचं हवामान खातं असो की मोबाइलचं ॲप, बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे निरनिराळी गावं नकाशावर ताडता येतात. चेंबर मात्र घाटावरची हवा श्वासात घेतोय. १०१० टाकलं की गुणक १.०८५ ऐवजी १.०१७ होतो, मशीन साधारण सव्वासहा टक्क्यांनी कमी देतंय असं दिसतं, आणि कुणी ते "दुरुस्त" केलं तर पेशंटला तेवढं जास्त जातं. संपूर्ण उपचाराच्या साखळीत पाच टक्क्यांच्या आत राहायचं असं आपण म्हणतो, तिथे हे एकटंच सगळं खाऊन टाकतं.

पाणी आणि स्लॅब ताडताना दाब दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे गुणोत्तरातून तो निघून जातो. तापमान निघत नाही. एका एप्रिलमध्ये आम्ही स्लॅब मोल्डरूमशेजारच्या खोलीतून आणले. तिथे एसी नव्हता. थर्मामीटर काउचवर ठेवला, २३ अंश. स्लॅबचं वाचन पाण्यापेक्षा अडीच टक्के कमी. बरं, ते तिथे थांबेना. दर दहा मिनिटांनी थोडं वर चढत होतं. आम्ही केबल बदलली, इलेक्ट्रोमीटर बदलला, मशीनचं आउटपुट वाहतंय म्हणून सर्व्हिस इंजिनीअरला फोनही लावला. शेवटी तंत्रज्ञ मावशींनी वरचा स्लॅब उचलताना सहज म्हटलं, "अजून गरमच आहे की हो हा." थर्मामीटरची तार भोकात घातली, तर आत ३० अंश. सात अंश म्हणजे साधारण २.४ टक्के. हिशेब तंतोतंत जुळला. प्लास्टिक उष्णता फार सावकाश सोडतं. तेव्हापासून स्लॅब आदल्या रात्री बंकरमध्ये, आणि थर्मामीटरचं टोक नेहमी भोकात.

आता एक हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत. पाण्यात सरासरी २७.६२ नॅनोकूलोम, तापमान २२.४, दाब ९४७.२, गुणक १.०७८५, दुरुस्त वाचन २९.७९. स्लॅबमध्ये २७.३६, तापमान २३.६, दाब ९४७.०, गुणक १.०८३१, दुरुस्त वाचन २९.६३. गुणोत्तर १.००५. कच्चीच वाचनं भागली असती तर १.००९५ आलं असतं, म्हणजे दिसणाऱ्या फरकातला जवळपास निम्मा फरक सव्वा अंशाने केलेला. हा १.००५ म्हणजे तुमच्या राशीचा गुणक: या चेंबरसाठी, या ऊर्जेला, या खोलीवर. स्लॅबवरचं वाचन त्याने गुणलं की पाण्यात जे आलं असतं ते मिळतं.

हेच वीस सेंटिमीटरवर करा. वीसचं वाचन भागिले दहाचं वाचन, हे गुणोत्तर सहा एमव्हीला पाण्यात ०.६७ च्या आसपास असतं. स्लॅबमध्ये ते ०.६६७ आलं तर रास पाण्यापेक्षा दहा सेंटिमीटरमागे एक मिलिमीटर जड आहे. दोन्ही खोल्यांवर गुणक एकच आला तर फरक चेंबरच्या भोकाभोवतीच्या हवेचा किंवा मांडणीचा असण्याची शक्यता मोठी; खोलीबरोबर वाढत गेला तर पदार्थाचा. हा भेद मला फार उपयोगी वाटतो, आणि तो फक्त दहा सेंटिमीटरवर मोजून थांबणाऱ्याला कधीच दिसत नाही. मशीनवर जितक्या ऊर्जा, तितक्या वेळा हे करायचं. टेलिकोबाल्टवाल्यांचं (कोबाल्टचं यंत्र वापरणाऱ्यांचं) काम एका ऊर्जेत उरकतं.

इलेक्ट्रॉन वेगळे

इथे खोली आणि वाचन दोन्ही बदलावी लागतात. टीआरएस-३९८ च्या २००० च्या आवृत्तीत प्लास्टिक वापरायची मुभा आर-५० (डोस कमाल मूल्याच्या निम्मा होतो ती खोली) चार ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली असेल तरच आहे, म्हणजे साधारण दहा एमईव्हीच्या आत. ॲक्रिलिकला खोलीचा गुणक ०.९४१ आणि वाचनाचा १.००९, पांढऱ्या पॉलिस्टायरीनला ०.९२२ आणि १.०१९. सहा एमईव्हीला आर-५० समजा २.३५ असेल, तर संदर्भ खोली त्याच्या ०.६ पटीतून ०.१ वजा करून १.३१ येते. ॲक्रिलिकसाठी ती ०.९४१ ने भागली की १.३९ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, आणि १.१९ घनतेने भागली की मोजपट्टीवर ११.७ मिलिमीटर. म्हणून एक आणि दोन मिलिमीटरचे पातळ स्लॅब संचात हवेतच.

जाड ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीन इलेक्ट्रॉन गिळून धरून ठेवतं. विद्युतरोधकच ते. साठलेल्या चार्जचं क्षेत्र चेंबरमध्ये जास्त इलेक्ट्रॉन वळवतं आणि वाचन फुगतं. एकसंध मोठा ठोकळा वापरू नका. दोन सेंटिमीटरहून जाड तुकडा नकोच.

किती विश्वास ठेवायचा

१.००५ हातात आलं की तो १.००० पेक्षा खरंच वेगळा आहे का, हे विचारा. जाडी आणि खोलीतून ०.२ टक्के, चेंबर बसवण्यातून ०.२५, अर्ध्या अंशाच्या चुकीतून ०.१७, वाचनांच्या पुनरावृत्तीतून ०.१. वर्ग करून मिळवले आणि मूळ काढलं की ०.४ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे एका संध्याकाळच्या कामावरून १.००५ आणि १.००० यात छातीठोक फरक सांगता येत नाही. वेगवेगळ्या तीन दिवशी, दर वेळी सगळं मोडून पुन्हा मांडून करा. तिन्ही दिवस १.००४ ते १.००६ मध्ये आले तर माझ्या लेखी तो आकडा पक्का. एकदा ०.९९९ आणि एकदा १.००८ आला तर सरासरी काढत बसू नका, मांडणीत काय बदलतंय ते शोधा.

किती फरक सोसायचा, याला माझं मोजमाप असं. मासिक आउटपुटला दोन टक्क्यांची मर्यादा टीजी-१४२ हा लिनॅक तपासणीचा अहवाल देतो. राशीचा गुणक एक टक्क्याच्या आत असेल तर गुणक लावा आणि खुशाल वापरा. एक ते दोनमध्ये असेल तर कारण सापडल्याशिवाय वापरू नका. बहुतेक वेळा एखादा वाकलेला स्लॅब किंवा दुसऱ्याच चेंबरचं भोक निघतं. कारण सापडलं की तीन टक्क्यांचा गुणकही मला चालतो, जसा ॲक्रिलिकला चालवतोच. महाग स्लॅबचा न समजलेला एक टक्का मात्र मला झोपू देत नाही.

शेवटचं काम कागदाचं. राशीचा क्रम ठरवा आणि तोच कायम ठेवा: वरून नंबर किती ते किती, भोकाचा स्लॅब कितवा, खाली कोण. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, त्यावर चेंबरचा नंबर, ऊर्जा, खोली, गुणक, तारीख आणि सह्या. आरएसओ (किरण सुरक्षा अधिकारी) तपासायला आले की फाइल शोधावी लागत नाही. चेंबर कॅलिब्रेशनहून परत आला, नवा चेंबर घेतला, किंवा स्लॅब कुणाच्या हातून पडला, तर गुणक पुन्हा काढायचा. एरवी वर्षातून एकदा, टँक भरलेलाच असतो तेव्हा. स्लॅब आडवे ठेवा, खिडकीपासून लांब. आमच्या संचातला सात नंबर एकदा ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा कोपरा उडाला. फेकून दिला नाही, तो आता कायम सगळ्यात खाली असतो, बॅकस्कॅटरला, आणि झाकणावरच्या कागदावर त्याच्यापुढे लाल पेनने लिहिलंय: "वर घेऊ नये."